आत्याचं नवं नाव

२ फेब्रुवारी, सोमवार

माझे पहिले साहेब एकदा म्हणाले होते, मशीनला सगळी नावं सारखीच. नाव लागतं ते झोपेतून उठवलेल्या माणसाला. त्याला वीस वर्षं झाली. साहेब आता मधमाश्या पाळतात असं ऐकते. वाक्य माझ्याकडे राहिलं, वापराविना.

आज वापर निघाला. आत्ताच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की टूलमधली नावं एकदाची साफ करून टाका. आमचं काम दुसऱ्यांच्या नेटवर्कवर नजर ठेवण्याचं. कुठल्या तरी शाखेतला राउटर मान टाकतो, टूलला ते कळतं, टूल ड्यूटीवरच्या माणसाला अलर्ट पाठवतं. इतकंच. पण हे टूल ज्याने लिहिलं (त्याला सगळे ‘जुना’ म्हणतात) त्याने व्हेरिएबल्सना, म्हणजे टूल ज्यांत आकडे आणि याद्या ठेवतं त्या खणांना, आपल्या नातेवाइकांची नावं दिली आणि नोकरी सोडून गेला. राउटर मेला असं ठरवण्याआधी किती वेळा हाक मारायची, तो आकडा म्हणजे काकू, कारण त्याची काकू समोरच्याने फोन उचलेपर्यंत सोडत नसे. उत्तरासाठी किती थांबायचं, तो मामा. चालू असून उत्तर न देणारी यंत्रं एका यादीत, तिचं नाव भावजी. आणि ड्यूटीवाल्याने अलर्ट घेतलाच नाही तर शेवटी ज्या नंबरला कळवायचं, ती आत्या.

आणि लोक हे बोलतात. काकूला तीनवरून पाच कर. मामा फार थांबतोय. आज भावजींत कोण कोण आहे. शिकलेल्या माणसांचं ऑफिस आहे हे.

संकल्प: दोन आठवड्यांत सगळी नावं नियमाप्रमाणे.

घरी: ताईने सांगितलं की ती चष्मेवाल्याशी लग्न करतेय. रजिस्टर. मी छान म्हटलं. ताई एक्कावन्न वर्षांची आहे, आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच, आणि गेल्या वर्षी तिने पडद्याचं कापड तीनदा बदलून आणलं होतं. होईल तेव्हा खरं. साक्षीदार म्हणून सही करशील ना, असं विचारलं. ही काय विचारायची गोष्ट आहे, म्हटलं. तिथवर जाणारच नाही म्हणा.

४ फेब्रुवारी, बुधवार

नियमावली लिहून झाली. प्रत्येक नावाचे पाच भाग: कुठलं, कशाचं, काय, किती, कोणासाठी. माणसांची नावं पूर्ण बंद. माणसं बदलतात, काम बदलत नाही. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. पहिल्या पानावर जाड अक्षरात घातलं.

काकूचं नवं नाव: शाखा_राउटर_हाक_संख्या_कमाल. टूलमध्ये इंग्रजीत असेल, इथे मराठीत लिहिते.

दुपारी मीटिंग घेतली. सगळे ऐकत होते. रात्रपाळीवाला (याला घुबड म्हणतात, वर्षानुवर्षं स्वतःहून रात्रपाळीच मागून घेतो) म्हणाला की मॅडम, हे नाव फोनवर वाचून होईपर्यंत राउटर आपला आपण बरा होईल. सगळे हसले. मग म्हणाला, मॅडम आजवर नुसती आपल्याला नावं ठेवायच्या, आता पगारी ठेवणार. पुन्हा हसले. खेळीमेळीचं वातावरण. नव्या गोष्टीचं स्वागत असंच होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

नियम चांगला असेल तर तो घरीही चालला पाहिजे. सकाळी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. पांढरे_बारीक_१ म्हणजे साखर, पांढरे_बारीक_२ म्हणजे मीठ. ताईला नीट समजावून सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती.

संध्याकाळी तिच्या चहात मीठ पडलं. मी तयारच होते. एरवी ताईचं तोंड सुरू झालं की चहा गार होतो, दुसरा करावा लागतो, तोही गार होतो. ओला टॉवेल पलंगावर टाकला, नळ पूर्ण बंद केला नाही, बाथरूमचा दिवा चालू राहिला, कशावरूनही. आई म्हणायची, हिच्या कुरकुरीवर घड्याळ लावावं. आज ताईने चहा मोरीत ओतला, कप विसळला, दुसरा चहा केला. एक अक्षर बोलली नाही.

नोंद: नियमामुळे वाद कमी होतात.

८ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाला घरी आला. ठेंगणा, गोल, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता चष्म्याच्या काचेकडे बघतो. बसल्या बसल्या त्याने माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, खिशातल्या फडक्याने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, तुमचा नंबर बदललाय, दुकानावर या. मी म्हटलं, मला स्वच्छ दिसतं. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात, त्यावर तर माझं दुकान चालतं. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही. हा माणूस टिकणार नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

ताईने तारीख सांगितली. सत्तावीस फेब्रुवारी, सकाळी अकरा, नोंदणी कार्यालय, दुसरा मजला. तीन साक्षीदार लागतात. त्याच्याकडून दुकानात काचा घासतो तो माणूस, हिच्याकडून हिची एक मैत्रीण आणि मी.

लगेच फोनमध्ये नोंद केली. नियम सगळीकडे एकच हवा म्हणून कॅलेंडरही सुधारलंय. प्रकार एक आजारपण, प्रकार दोन बिलं, प्रकार तीन इतर. व्यक्तिगत_कार्यक्रम_प्रकार_३. ताई खांद्यावरून बघत होती. यात माझं नाव कुठाय, म्हणाली. मी समजावलं की नावात माणूस आला की गोंधळ होतो, उद्या तारीख बदलली, माणूस बदलला, तर नाव खोटं पडतं. तिने ती नोंद पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, बरं.

हळूहळू पटतंय तिला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्या फायलींमधली नावं बदलून झाली. एका हुकमात. काकू, मामा, भावजी, आत्या, सगळं खानदान गेलं. जेवायच्या सुट्टीत घुबडाने विचारलं (हल्ली दिवसा का येतो कोण जाणे), जुन्याच्या कोपऱ्यातल्या स्क्रिप्ट (टूलला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघितल्या का, त्या तो वेगळ्याच ठिकाणी ठेवायचा. मी म्हटलं, मी सगळीकडे शोधलं. तो म्हणाला, सगळीकडे म्हणजे कुठे. मी म्हटलं, सगळीकडे म्हणजे सगळीकडे.

सोमवारी सुरू.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नवी नावं सुरू झाली. टूलने एकही चूक दाखवली नाही. एकही नाही.

दुपारपर्यंत अलर्ट: शून्य. एरवी सोमवारी फोन खाली ठेवता येत नाही.

साहेबांना हळूच सांगितलं. ते उठून स्क्रीनपाशी आले, हात मागे बांधून उभे राहिले. म्हणाले, नुसत्या नावांनी एवढा फरक? मी म्हटलं, नावात स्पष्टता आली की यंत्रणेवरचा ताण कमी होतो. हे मी कुठे वाचलेलं नाही, पण म्हणताना खरं वाटलं.

घरी शांतता. ताईने बॅग भरली. आठवडाभर मैत्रिणीकडे जातेय म्हणाली, तिथून दुकान आणि नवी खोली जवळ पडते, रंगाचं काम बघायचंय. कसला रंग ते विचारलं नाही. विचार करायला एकांत हवा असेल. समजू शकते मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पूर्ण आठवडा शांत. साहेबांना आलेख काढून पाठवला. आधीच्या आठवड्याचा डोंगर, या आठवड्याचं सपाट मैदान. साहेबांनी तो मोठ्या साहेबांकडे पाठवला. मोठ्या साहेबांनी सत्तावीसला साडेदहाला सगळ्या विभागांसमोर माझं सादरीकरण ठेवलंय. चोवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. काही वाटलं नाही, पण कोणती साडी नेसायची ते तेव्हाच ठरवलं.

घुबड सकाळी घरी न जाता माझ्यासाठी थांबला होता. म्हणाला, मॅडम, काल मी ड्यूटीवर चार तास झोपलो. मी म्हटलं, मग आभार माना. तो म्हणाला, घाबरून जाग आली. एवढी शांतता बरी नव्हे. बाळ रडायचं थांबलं की आई उठून बघते. मी म्हटलं, तुम्हाला त्रासाची सवय लागलीय. तो म्हणाला, असेल, आणि गेला. याला ना बाळ ना बायको. कुठून सुचतं याला.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन नाही. मी केला तर म्हणाली, जेवलीस का. जेवले म्हटलं. फोनवर तिच्या मागे कोणीतरी भिंत घासत होतं.

लग्नाचा विषय तिने काढला नाही, म्हणजे बारगळलं असणार. मीही काढला नाही. लागलेल्या ठिकाणी बोट कशाला लावायचं. आली की पडद्यांसारखंच याचंही कधीतरी हसू होईल. तिची खोली झाडून ठेवली. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर काय घालावं? माणसं बदलतात, काम बदलत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांची एक साखळी आमची ग्राहक आहे. त्यांच्या मॅनेजरचा संध्याकाळी फोन आला. बाई शांत बोलत होत्या, त्यामुळे आधी मला वाटलं कौतुकाला केलाय. त्यांच्या एका शाखेची लिंक मंगळवारपासून बंद आहे. लोक रिपोर्टसाठी बाकावर बसून आहेत. एक म्हातारे गृहस्थ तीन दिवस रोज येतायत, कारण त्यांचं ऑपरेशन त्या कागदावाचून अडलंय. तुमच्याकडून आम्हाला कोणी कळवलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं.

मी स्क्रीन बघितली. अलर्टच्या पानावर काही नव्हतं. मग राउटरला हाताने हाक मारून बघितली. उत्तर नाही. दुसऱ्या शाखेला मारली. नाही. पाच ठिकाणी नाही.

घुबडाने शोधून काढलं, मी शेजारी बसले होते. जुन्याने एका कोपऱ्यातल्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं होतं: आत्या घरात नसेल तर कोणालाच काही सांगायचं नाही. दुरुस्तीच्या दिवशी अलर्टनी जीव खाऊ नये म्हणून त्याची ती युक्ती. आत्या पुसायची, काम करायचं, आत्या परत लिहायची. मी आत्याचं नाव बदललं. ती स्क्रिप्ट जुन्याच नावाने शोधत राहिली. नाव सापडलं नाही की हे टूल तक्रार करत नाही, ती जागा रिकामी धरतं. दहा दिवस त्याला वाटत होतं की आत्या गावाला गेलीय आणि आपण गप्प बसायचंय.

घुबड म्हणाला, बघा, मला वाटलंच होतं, असं म्हणत नाही मी. मग म्हणाला, पण वाटलं होतं.

खरं तर दोष स्क्रिप्टचा. नियमावलीत एक ओळ वाढवावी लागेल. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा कागद घुबडाने रात्रीच्या आत पोचवला म्हणे, प्रयोगशाळेच्या माणसाला घरून बोलावून.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सादरीकरण व्हायचं होतं, त्याऐवजी चौकशी झाली. खोली तीच, माणसं तीच, बिस्किटंसुद्धा तीच. माझा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला होता, सपाट मैदान सगळ्यांना दिसत होतं. मोठे साहेब त्याकडे बोट दाखवून म्हणाले, म्हणजे हे यश नसून मौन होतं. कोणी हसलं नाही. मी कारण सांगत होते तेवढ्यात पडद्यावर मधोमध चौकट उगवली. व्यक्तिगत_कार्यक्रम_प्रकार_३. पावणेअकरा वाजले होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय. मला आठवेना. प्रकार तीन म्हणजे इतर. गॅसची तपासणी असावी, किंवा सोसायटीचं काही. विशेष नाही सर, म्हटलं आणि चौकट बंद केली.

एक वाजेपर्यंत चाललं. शेवटी ठरलं की जुनी नावं परत.

घरी आले. ताई अजून मैत्रिणीकडेच. मीठ कुठल्या डब्यात ते मलाही आठवेना, म्हणून ब्रेड खाल्ला. लवकर झोपते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बेल वाजली. चष्मेवाला. नवा शर्ट, घडीच्या खुणा अजून तशाच. हातात केकचा खोका. ताईची इस्त्री आणि तिची उशी न्यायला आला होता, तिला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही म्हणे. मला माहितेय ते. चाळीस वर्षं माहितेय.

आत बसला नाही. म्हणाला, काल तुम्ही कामात होतात, आम्ही समजलो. मी विचारलं, काल काय होतं. त्याने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघितलं, काचेकडे नाही. मग खाली बघून म्हणाला, अकराला.

मी इस्त्री आणून दिली. वायर नीट गुंडाळून दिली. उशीला धुतलेला अभ्रा घातला. त्याने खोका टेबलावर ठेवला आणि तो गेला.

चौकटीत माणसाचं नाव नव्हतं. असतं तर मोठे साहेब काय म्हणाले असते कोण जाणे.

केक बरा होता.

२ मार्च, सोमवार

जुनी नावं परत आली. सकाळी नऊपासून अलर्टचा पाऊस. सगळ्यांचे चेहरे उजळले. कोणीतरी ओरडलं, काकू आल्या. घुबडाने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, मॅडम, भावजींत आज अकरा जण आहेत, बघता का. मी बघितले. अकरा होते.

साहेबांनी मला टूलमधून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलंय. म्हणाले, तुमची भाषा चांगली आहे. एका अर्थी बढतीच. संकल्प: नियमावलीची दुसरी आवृत्ती, याच महिन्यात.

५ मार्च, गुरुवार

ताईला फोन केला. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, मीटिंग, पडदा, चौकट, प्रयोगशाळा, या क्रमाने. दुसऱ्या वाक्यालाच ती म्हणाली, असू दे गं. मी म्हटलं, तू एक फोन करायचास. ती म्हणाली, सव्वाअकरापर्यंत वाट बघितली. हे म्हणत होते कर फोन. मीच म्हटलं नको, ती कामात असेल.

सही कोणी केली ते विचारलं. लिफ्टवाल्याने. त्याला खालून बोलावून आणला, भला माणूस, पैसे घेतले नाहीत, सही फार वळणदार केली म्हणे.

रागावलीस का, विचारलं. नाही गं, म्हणाली. खरंच नाही. मग म्हणाली, जेवलीस का.

चला, रागावली नाही. मनावरचा दगड उतरला. रात्रभर झोप लागली नाही, ते बहुधा दुपारच्या कॉफीमुळे.

१५ मार्च, रविवार

दुसऱ्या आवृत्तीची दोन पानं झाली. मग काही सुचलं नाही.

संध्याकाळी डोळे तपासून घ्यायला म्हणून निघाले. दुकानाच्या समोरच्या फुटपाथवर पोचले आणि रस्ता ओलांडण्याआधीच ताईचा आवाज आला. ती चष्मेवाल्याला झापत होती. काउंटरवर जेवणाचा डबा उघडा ठेवलास, गिऱ्हाईक काचेत बघणार की भाजीत, किती वेळा सांगायचं, शटरला तेल घाल म्हटलं त्यालाही महिना झाला, शेजारच्यांची पोरं दचकून उठतात, आणि हा शर्ट काल घातला होतास तोच आहे ना. रस्त्याच्या या कडेपर्यंत शब्दन् शब्द ऐकू येत होता. तो मान खाली घालून डब्याचं झाकण लावत होता आणि हसत होता. एक बाई चष्म्याची फ्रेम लावून आरशात बघत, ताईचं म्हणणं कसं बरोबर आहे ते त्याला सांगत होत्या.

मी बराच वेळ उभी होते. दिवे लागले. ताईने बाहेर बघितलं, पण बहुतेक काचेत तिला तिचंच दुकान दिसलं असावं. मी आत गेले नाही. डोळे ठीक आहेत माझे. लांबचं तर फारच स्वच्छ दिसतं.

घरी येऊन तिला निरोप लिहिला. चारदा खोडला. एकदा कारणांसकट लिहिला, तो फार लांब झाला. एकदा नुसतं ‘कशी आहेस’ लिहिलं, त्यावर ती ‘बरी आहे, जेवलीस का’ एवढंच लिहिणार. शेवटी जो पाठवला तो खाली लिहितेय. ती नाहीच म्हणेल. म्हणेल, अगं, मी कुठे रागावलेय. गोड आवाजात म्हणेल, परक्यांशी बोलते तसं. तरी पाठवला.

ताई, एकदा घरी ये आणि मला मनसोक्त झाप.